सूत्रांची आरती आणि एक रद्द झालेला प्रश्न

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, शिक्षकी पेशातले काही हृद्य अनुभव लिहा. दिवाळी अंक आहे, वाचकांना छान वाटलं पाहिजे." मी म्हटलं, "मी शाळेत नव्हते, क्लासमध्ये होते. तिथे हृद्य काही घडत नाही, तिथे पोर्शन पूर्ण होतो." ते मोठ्याने हसले. पुण्यात माणूस खरं बोलला की लोक त्याला विनोदी समजतात. मी निम्मं आयुष्य अशीच विनोदी म्हणून काढलं आहे.

तर मी जमीला तांबोळी. सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवण्यात माझी हयात गेली. क्लासचं नाव सांगत नाही, कारण मालक अजून जाहिराती करतात आणि मला त्यात हातभार लावायचा नाही. वडिलांचं बुधवार पेठेत रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं, घर घोरपडे पेठेत. पिढ्यान् पिढ्या आम्ही या गावात राहतो, तरी एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला कौतुकाने सांगितलं होतं, "तुमचं मराठी अगदी आपल्यासारखं आहे हो!" हे आजोबा निवृत्त इंजिनिअर. नातवाला नीट शिकवतात की नाही हे तपासायला ते आठवडाभर मागच्या बाकावर येऊन बसत. मी म्हटलं, "तुमचंही बरं आहे. येत राहा, सुधारेल." दुसऱ्या दिवसापासून ते यायचे थांबले. नातू राहिला आणि त्याचं फिजिक्स सुधारलं.

बाहेरच्यांना वाटतं, फिजिक्स शिकवणं म्हणजे विश्वाची रहस्यं उलगडणं. तसं काही नसतं. आमच्या कामाचा बराचसा भाग म्हणजे एका अक्षराला एकटं पाडणं. सूत्र म्हणजे काही अक्षरांचं एकत्र कुटुंब. त्यातल्या एकाची किंमत माहीत नसते, बाकीच्यांची दिलेली असते. जे माहीत नाही त्याला बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूला एकटं आणून बसवायचं आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूला पाठवायचं. अट एकच. एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूलाही करायचं, कोणाला झुकतं माप नाही. हा नियम पुण्यातल्या सोसायट्यांच्या मीटिंगला लावला तर पार्किंगचे निम्मे वाद मिटतील. पण सोसायटीत तो चालत नाही आणि क्लासमध्ये तो कोणाला ऐकायचा नसतो.

कारण मुलं आमच्याकडे येतात ती शाळेतून एक मंत्र घेऊन येतात. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं." हा मंत्र कोणी रचला ते माहीत नाही, पण त्याने महाराष्ट्रात जितकी डोकी फिरवली तितकी एखाद्या पुढाऱ्यालाही जमली नसतील. बेरजेची वजाबाकी होते, इथवर ठीक आहे. पण पुढे गुणाकार आला की मुलं घाबरून दोन्हीही करतात. पाच t बरोबर वीस, तर t किती? एका मुलाने पाचाला वीसच्या खाली नेलं, आणि बाजू बदलली म्हणून वर त्याला उण्याचं चिन्हही लावलं. उत्तर आलं उणे चार सेकंद. मी विचारलं, "म्हणजे गाडी निघायच्या चार सेकंद आधीच पोचली?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, एक्स्प्रेस असेल."

त्याचे वडील भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, त्याला येतं सगळं. फक्त उत्तर चुकतं."

मी म्हटलं, "उत्तर सोडून बाकी कशाचे मार्क द्यायचे तेवढं लिहून द्या. मी वर कळवते."

गृहस्थांनी खरंच खिशातून पेन काढलं. सदाशिव पेठेत अर्ज लिहायला माणूस नेहमी तयार असतो.

आता मालकांविषयी. त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, हे त्यांच्याबद्दल बोलताना नेहमी आधी सांगावं लागतं. त्यांना एकदा साक्षात्कार झाला, की मुलांना सूत्राची मांडणी बदलता येत नाही, तर ती शिकवायचीच कशाला? आपणच बदलून द्यावी. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या आवरणातली एक लांब पट्टी छापून घेतली. तिला वर भोक, भोकात नाडी, आणि ती गळ्यात. त्या पट्टीवर प्रत्येक सूत्राचे सगळे अवतार छापलेले. वेगाचं सूत्र v = u + at, त्याच्या खाली u बरोबर काय, त्याच्या खाली a बरोबर काय, त्याच्या खाली t बरोबर काय. चार अक्षरांचं सूत्र असेल तर चार ओळी. मुलाने फक्त विचारलेलं अक्षर शोधायचं, त्याच्यापुढची ओळ उतरवायची आणि आकडे भरायचे.

मी म्हटलं, "सर, ही चार सूत्रं नाहीत. एकाच माणसाचे चार बाजूंनी काढलेले फोटो आहेत."

सर म्हणाले, "मॅडम, चार दिसतात ना? पालकांना चार दिसली पाहिजेत."

परीक्षेत गळ्यात पट्टी चालत नाही, म्हणून ती पाठ करायची. पाठ व्हावी म्हणून सरांनी तिला चाल लावली, आणि चाल लावली ती आरतीची. रोज बॅच सुरू होण्यापूर्वी पोरं उभी राहून टाळ्यांच्या ठेक्यावर सूत्रं म्हणत. "व्ही बरोबर यूऽऽ अधिक एटी" असा मोठा उठाव, मग कडवी. गणपतीच्या दिवसांत एकदा वरच्या मजल्यावरच्या काकू वाटी घेऊन खाली आल्या आणि प्रसाद काय आहे म्हणून विचारू लागल्या. मॉनिटरने त्यांना एक पट्टी दिली. काकूंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि वर गेल्या. त्या क्लासमध्ये पट्टीचा इतका मनोभावे उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही.

खोटं कशाला बोलू, पट्टी चालायची. सरळ प्रश्न आला की पट्टीवाली पोरं प्रश्न वाचून व्हायच्या आत उत्तर लिहून मोकळी. मार्क पडायचे, फ्लेक्स लागायचे, फ्लेक्सवर पोरांचे आणि त्यांच्याहून मोठे सरांचे फोटो झळकायचे. माझ्याकडे मात्र सरांनी रविवारची तुकडी दिली होती. ती बारावीला फिजिक्समध्ये नापास झालेल्यांची. या मुलांचं काय व्हायचं ते होऊन गेलंय, तेव्हा मॅडमना काय प्रयोग करायचे ते इथे करू द्या, असा त्यात उदार हेतू होता. मी पहिल्याच रविवारी पट्ट्या काढून दप्तरात ठेवायला लावल्या. तिथे आरती बंद.

सोनाली दांगट या तुकडीत आली ती वारज्याहून. तिच्या घरची एके काळची शेती होती, तिथे आता बारा मजली इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींच्या पायथ्याशी तिच्या आजोबांचं नळ, पाइप आणि रंगांचं भलंमोठं दुकान आहे. आजोबांना सगळे तात्या म्हणत. मुलीला व्हायचं होतं एक्स-रे टेक्निशियन. लहानपणी हात मोडला होता तेव्हा आतलं हाड फोटोत बघून ती जी हरखली, ती हरखलीच. त्या कोर्सला बारावी पास पाहिजे, आणि फिजिक्ससकट. फिजिक्समध्ये ती आपटली होती, आणि आपटली होती पट्टीमुळेच. वर्षभर ती सरांच्या मोठ्या बॅचमध्ये आरती म्हणत होती. तिला पाठांतर अजिबात जमत नसे. तिसऱ्या कडव्याचं शेपूट पाचव्याला लागायचं. परीक्षेत तिने वेगाच्या सूत्रात विजेचा रोध घातला होता, आणि तोही सुरात.

एका रविवारी तात्या स्वतः तिला सोडायला आले. त्यांची गाडी आमच्या गल्लीत शिरली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून लोकांनी वाहन चालवण्यावर व्याख्यानं दिली. अखेर गाडी तशीच ड्रायव्हरच्या हवाली करून तात्या वर आले, पांढरे कपडे, कपाळावर घाम.

"मॅडम, खरं सांगा," ते सगळ्यांच्या देखतच म्हणाले, "हिच्या डोक्यात शिरतंय का कायतरी? न्हायतर उगा येळ घालवायचा. आमच्या दुकानात गल्ल्यावर बसाया घरचं मानूस पायजेच हाय. ह्या बारीला पास झाली तर हिचं ते एक्स-रे बघू. न्हाय झाली तर दुकान हाय."

सोनाली भिंतीकडे बघत उभी होती. तात्या दुष्ट नव्हते. नातीवर त्यांचा जीव होता आणि दुकानावरही. दोन्ही एका ठिकाणी राहिलं तर त्यांना हवंच होतं.

मी म्हटलं, "शिरतंय की नाही ते परीक्षेनंतर सांगते. आत्ता सांगितलं तर अंदाज होईल, आणि अंदाज वर्तवायला पुण्यात ज्योतिषी पुष्कळ आहेत."

तात्या मान डोलावून गेले. त्यानंतर सोनाली एकटीच स्कूटरवर यायला लागली.

तिला मांडणी समजली तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी वर्गात एका मुलीचा छळ केला. पुण्याच्या मुली स्कूटर कशा चालवतात ते इथल्या वाचकांना सांगायला नको. तोंडाभोवती, केसांभोवती, मानेभोवती असा स्कार्फ गुंडाळतात की सख्ख्या आईने ओळखू नये. सोनाली त्यावर हेल्मेटही घालायची, म्हणजे ती अल्पसंख्याकांतली. ती दारात आली आणि हेल्मेटला हात घालणार इतक्यात मी ओरडले, "थांब. हेल्मेट नाही काढायचं. स्कार्फ काढ."

ती म्हणाली, "मॅडम?"

"स्कार्फ काढ म्हटलं ना."

तिने प्रयत्न केला. एक टोक कानाजवळून बाहेर आलं, दुसरं गळ्याशी आवळलं. मान वाकडी झाली, श्वास कोंडला, वर्ग हसून लोळायला लागला. मी फळ्यावर लिहिलं, v = u + at, आणि t भोवती गोल काढला.

"हा t म्हणजे तू. घरातून निघताना तू आधी काय घातलंस?"

"स्कार्फ," ती आतून म्हणाली.

"स्कार्फ म्हणजे हा a. आधी t ला a ने गुणलं. मग वरून काय घातलं?"

"हेल्मेट."

"ते हे u. शेवटी मिळवलं. आता तुला मोकळं व्हायचंय. आधी काय काढशील?"

"हेल्मेट काढू का मॅडम, प्लीज?"

"काढ."

तिने हेल्मेट काढलं, मग स्कार्फ सोडला. चेहरा लालबुंद झाला होता. ती फळ्याकडे बघत राहिली. वर्गातले निम्मे जण दरवेळी आधी v ला a ने भागून मग u वजा करायचे, म्हणजे हेल्मेट डोक्यावर ठेवून स्कार्फ ओढायचे. सोनाली त्यांच्यातलीच होती. ती सावकाश पुढे आली, खडू घेतला, दोन्ही बाजूंतून u वजा केलं, मग दोन्ही बाजूंना a ने भागलं. t एकटा राहिला.

"म्हणजे जे शेवटी घातलं ते आधी काढायचं," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्या सूत्रांत?"

"तुला शिकायची आहेत त्या सगळ्यांत."

"मग एवढी गाणी कशाला पाठ करायची?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मी ज्यांच्याकडे नोकरी करत होते ते शेजारच्या खोलीत बसलेले होते. मी म्हटलं, "बस जागेवर."

त्यानंतर ती जी सुटली! अक्षर दिसलं की एकटं पाड. विजेचं सूत्र, भिंगाचं सूत्र, लंबकाचं. घरी दुकानातल्या बिलांच्या मागे गणितं करायची. हळू करायची, फार हळू, कारण ती प्रत्येक वेळी पहिल्यापासून सोडवायची. पण ती आता घाबरत नव्हती. मला एवढा आनंद झाला होता की मी घरी बिर्याणी केली आणि घरच्यांनी कोणाचं लग्न ठरलं म्हणून विचारलं.

आणि मग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुमची रविवारची मुलं पट्टी म्हणत नाहीत, असं कानावर आलंय."

"बरोबर आलंय."

"ब्रँडिंग बिघडतं हो. एका क्लासमध्ये दोन पद्धती? उद्या पालक विचारतील, खरी कुठली?"

"विचारलं तर सांगा ना."

त्यावर सरांनी सुचवलं की दोन्ही तुकड्यांची एकच चाचणी घेऊ. पेपर बाहेरचा माणूस काढेल, म्हणजे कोणाचा कोणाला संशय नको. रविवारच्या तुकडीची सरासरी मोठ्या बॅचपेक्षा कमी आली, तर रविवारची तुकडी बंद आणि मुलं पट्टीत सामील. मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तोऱ्यात हो म्हणायचं होतं. त्याच संध्याकाळी सोनालीने विचारलं, "तुकडी बंद झाली तर मला परत ते म्हणायला लागेल का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग मी दुकानातच बसेन मॅडम. ते मला येणारच नाही." ती रडवेली वगैरे झाली नव्हती, साधं गणित मांडावं तसं म्हणाली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पेपर काढला साताऱ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी. गुरुजींना पट्टीची कल्पना नव्हती, आमच्या भांडणाचीही नव्हती. त्यांनी बहुतेक प्रश्न सरळच विचारले होते. शेवटी मात्र एक मोठ्या मार्कांचा प्रश्न होता, आणि तो एका ओळीचा होता. p = q + rs असेल, तर s काढा, आणि प्रत्येक पायरी का केली ते लिहा.

वाचकहो, हे तेच सूत्र आहे. आरतीचं पहिलं कडवं. रोज टाळ्या वाजवून म्हणत होते तेच, नुसते कपडे बदललेले. पण पट्टीवर ही अक्षरं या क्रमाने नव्हती. मोठ्या बॅचमध्ये मी सुपरव्हिजनला होते, त्यामुळे मला तो देखावा डोळे भरून पाहता आला. पोरं ओठांतल्या ओठांत सगळी कडवी म्हणून पाहत होती, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. एकाने हळूच विचारलं, "मॅडम, p म्हणजे प्रेशर ना? मग क्षेत्रफळ दिलेलं नाहीये." दुसऱ्याला q म्हणजे विद्युतप्रभार हे ठाऊक होतं, त्याने बॅटरीची सुबक आकृती काढली. तिसऱ्याने r ला त्रिज्या ठरवून वर्तुळ काढलं. पहिल्या नंबरच्या मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं, 'हे सूत्र अस्तित्वात नाही.'

शेजारच्या खोलीत माझी नापासांची तुकडी बसली होती. त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो प्रश्न सोडवला. सरळ प्रश्नांत ती मागे पडली होती, वेळही पुरला नव्हता, पण या एका प्रश्नावर माझ्या तुकडीची सरासरी मोठ्या बॅचच्या थोडीशी वर गेली. मी आयुष्यात कधी पेढे वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले, आणि सरांनाही दिला. सरांनी तो घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "पाहू."

दोन दिवसांनी पालकांचं शिष्टमंडळ आलं. पुढे एक काका होते, ज्यांच्या हातात निवेदन होतं. त्यांच्या हातात मी निवेदनाशिवाय दुसरं काहीही कधी पाहिलेलं नाही, भाजीची पिशवीसुद्धा नाही.

"प्रश्न पोर्शनच्या बाहेरचा होता," काका म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, पहिल्याच प्रकरणातला आहे."

"पहिल्या प्रकरणात q नाही. मी पुस्तक आणलंय. दाखवा कुठे आहे q."

"u च्या जागी q आहे."

"हे तुम्ही म्हणता. छापलेलं कुठे आहे?"

मागून एक आई म्हणाली, "मुलं इतकी डिस्टर्ब झाली आहेत! आमचा चिन्मय तर जेवला नाही. आपण मुलांना जे दिलं तेच विचारायला हवं ना? असं अचानक लेटर्स चेंज करणं अनफेअर आहे."

मी म्हटलं, "ताई, पुढे आयुष्यात कोणी अक्षरं सांगून बदलत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरांना म्हणाले, "आपण यांना जरा बाहेर थांबायला सांगाल का?" सरांनी सांगितलं नाही, पण माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच उठले. दरवाज्याबाहेर उभं राहून मी सगळं ऐकलं. एवढी मोठी माणसं, कोणी बँकेत अधिकारी, कोणी कंपनीत मॅनेजर, तासभर q या अक्षराविरुद्ध बोलत होती. त्या क्षणी मला हसू येत नव्हतं, संताप येत होता. यांच्या मुलांना फसवलं गेलं होतं आणि फसवणूक चालू राहावी म्हणूनच हे भांडत होते.

सरांनी तोडगा काढला. प्रश्न रद्द. रद्द प्रश्नाचे पूर्ण मार्क सर्वांना. बॅटरी काढणाऱ्याला, वर्तुळ काढणाऱ्याला, कोरं सोडणाऱ्याला, सगळ्यांना सारखे. काका खूश झाले. चिन्मय बहुधा जेवला. नव्या बेरजेत मोठ्या बॅचची सरासरी माझ्या तुकडीच्या पुढे गेली, आणि सरांनी मला अतिशय सौजन्याने सांगितलं, "मॅडम, ठरल्याप्रमाणे."

साताऱ्याच्या गुरुजींना मी फोन करून हे कळवलं. ते म्हणाले, "सोपा म्हणून शेवटी ठेवला होता हो." आणि फोन ठेवला.

पेपर परत दिले त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये माझी पुस्तकं आवरत होते. बाकीच्या बॅचेस मला होत्याच, त्यामुळे नोकरी जायची भीती नव्हती. पण रविवार रिकामा झाला होता आणि मला कोणाचंही तोंड बघायची इच्छा नव्हती. दारात सोनाली आली. मागे तात्या होते. तुकडी बंद झाल्याचं कळल्यावर तेच तिला न्यायला आले होते, आणि या वेळी शहाणपणाने रिक्षा करून आले होते. सोनालीच्या हातात तिचा पेपर होता आणि ती रडत होती. इतक्या महिन्यांत मी तिला प्रथमच रडताना पाहत होते.

तात्या वैतागले होते. "मॅडम, हिला समजवा जरा. मार्क घातल्यात की त्या सवालाला. पुरे घातल्यात. मग काय म्हणून रडती?"

"तात्या, मार्क सगळ्यांना दिल्यात," सोनाली म्हणाली. घरच्या माणसाशी बोलताना तिची भाषा घरची व्हायची. "ज्यानं कायबी लिहिलं न्हाय त्यालाबी तेवढेच दिल्यात."

"मग? तुझं कमी झालं का?"

तिने पेपर माझ्यापुढे टेबलावर ठेवला. शेवटच्या प्रश्नाचं तिचं उत्तर पानभर होतं. दोन्ही बाजूंतून q वजा केलं, का केलं. दोन्ही बाजूंना r ने भागलं, का भागलं. खाली s एकटा, त्याच्याभोवती चौकट. त्या सगळ्यावर कोणीतरी तिरकी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'रद्द. सर्वांना.'

"मॅडम, हे बरोबर आहे की चूक आहे?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

"मग तसं कोणी लिहिलंच नाही. मला ते मार्क नकोत. बरोबरची खूण करा."

मी टेबलावरचं लाल पेन उचललं. त्या तिरक्या रेघेवरून, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढी मोठी बरोबरची खूण मी कोणाच्याच पेपरवर कधी केली नव्हती.

तिने डोळे पुसले, पान नीट पाहिलं आणि म्हणाली, "सही पण करा. नाहीतर म्हणतील मीच केली."

मी सही केली.

तात्यांनी पेपर हातात घेतला, रेघ पाहिली, खूण पाहिली. "म्हंजी हे हिनं सोडवलं?"

"हो."

"आन् त्या मोठ्या वर्गातल्या पोरांनी?"

"त्यांच्यासाठी प्रश्न रद्द केला."

तात्यांना हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांची छाती फुगलेली मला दिसली. "फ्रेम करून दुकानात लावतो," ते म्हणाले. "गल्ल्याच्या वर. येणारा जाणारा बघंल."

सोनालीने त्यांच्या हातातून पेपर काढून घेतला. "दुकानात न्हाय लावायचा," ती म्हणाली. "मला लागणार हाय."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. दुकान, पाइप, गल्ला, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश सरकून गेलं असावं. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मला विचारलं, "मॅडम, हितली तुकडी तर बंद झाली म्हंता. मग रविवारी हिला कुटं आणून सोडू?"

मी त्यांना घोरपडे पेठेतला घरचा पत्ता सांगितला.

बारावीच्या पुढच्या परीक्षेत ती पास झाली. मार्क बेताचेच पडले, पण ते सगळ्यांना वाटलेले नव्हते.